बेघरांसाठीच्या लिलावाला चित्र देताना

लिलावासाठी संस्थेच्या हातात चित्र सोपवलं की आपलं काम झालं, असं देणाऱ्याला वाटतं. संस्थेचं काम तिथून सुरू होतं. चित्र आणायचं, दमट हवेत जपायचं, टांगायचं, त्याची माहिती छापायची, आणि कोणी बोली लावली नाही तर परत पोचवायचं. विकलं न गेलेलं चित्र संस्थेला पैसे मिळवून देत नाही, उलट टेम्पोचं भाडं लावतं. म्हणून पहिल्या फोनपासून पावतीपर्यंत एकच प्रश्न धरून ठेवा: हे चित्र त्या रात्री कोणाच्या तरी गाडीतून घरी जाईल का? पुढची सगळी माहिती त्याच प्रश्नाभोवती आहे. ती मुंबई-पुण्यातल्या लिलावांना धरून लिहिली आहे, पण महाराष्ट्रातल्या न्यास-नोंदणीचा मुद्दा सोडला तर कायद्याचा भाग देशभर सारखाच.

आधी संस्था, मग चित्र

बेघरांसाठी काम म्हणजे नेमकं काय काम, हे विचारा. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांसाठी मोजमाप घालून दिलं: लोकसंख्येच्या दर १ लाखामागे १०० माणसांचा एक निवारा, चोवीस तास आणि बारा महिने उघडा. केंद्राच्या शहरी निवारा योजनेत माणशी किमान ५० चौरस फूट जागा धरली होती. पण निवारा म्हणजे नुसती खोली नव्हे. रात्रपाळीचा माणूस, आजाऱ्याला सरकारी रुग्णालयात घेऊन जाणारा कार्यकर्ता, आधार आणि रेशनकार्डाच्या खेपा, व्यसनमुक्ती, हरवलेल्या माणसाचं घर शोधणं, या सगळ्याला पैसा लागतो. तुमच्या चित्राच्या पैशातून यातलं काय होणार, हे संस्थेने दोन वाक्यांत सांगायला हवं. ती दोन वाक्यं पुढे कॅटलॉगमध्येही लागतात. बोली लावणाऱ्याला ‘समाजकार्याला मदत’ असल्या शब्दांपेक्षा ‘एका निवाऱ्याच्या रात्रपाळीचा वर्षाचा पगार’ हे जास्त कळतं.

मग कागद बघा. महाराष्ट्रातला सार्वजनिक न्यास १९५०च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असतो. बहुतेक समाजसेवी न्यासांचा क्रमांक ‘ई’ने आणि सोसायट्यांचा ‘एफ’ने सुरू होतो. तो क्रमांक, पॅन, आयकर खात्याची १२एबी (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (दात्याला करसवलत) ही प्रमाणपत्रं आणि मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित ताळेबंद मागितला तर चांगली संस्था अपमान मानत नाही, लगेच पीडीएफ पाठवते.

सावध व्हायचं ते वेगळ्या ठिकाणी. लिलाव एखादी इव्हेंट कंपनी भरवते आणि संस्थेचं नाव फक्त पोस्टरवर असतं, असं होऊ शकतं. अशा वेळी संस्थेच्या लेटरहेडवर तीन गोष्टी लिहून घ्या. बोलीचे पैसे कोणाच्या खात्यात जमा होणार? हॉल, जेवण, छपाई हा खर्च त्यातून वजा होणार की प्रायोजक देणार? आणि चित्र ताब्यात असताना नुकसान झालं तर जबाबदार कोण? ‘निव्वळ नफ्यातला काही भाग’ हे शब्द दिसले, तर ‘काही’ म्हणजे किती टक्के ते विचारा. आकडा मिळाला नाही तर चित्र देऊ नका.

एवढं सगळं लिलावाच्या आठ-दहा आठवडे आधी उरकलं पाहिजे. महिनाभर आधी जागं होणारा दाता कॅटलॉगमध्ये मागच्या पानावर जातो, किंवा जातच नाही.

कोणतं चित्र द्यावं

स्टुडिओच्या माळ्यावर पडून असलेलं, तुम्हालाच न आवडणारं चित्र देऊ नका. खरेदीदारालाही ते तितकंच आवडणार आहे. शिवाय तुमच्या नावाचं चित्र भरल्या हॉलमध्ये कमी बोलीला गेलं, की तो आकडा लोकांच्या लक्षात राहतो. स्वतःच्या घरी लावायला आवडेल असं मधल्या आकाराचं चित्र निवडा.

आकाराचा विचार घरांच्या भिंतींवरून करा. १२ × १६ इंचांपासून २४ × ३० इंचांपर्यंतचं चित्र दोन-तीन खोल्यांच्या घरात बसतं, लिफ्टमधून जातं आणि गाडीच्या मागच्या सीटवर मावतं. पाच फुटी कॅनव्हास हॉलमध्ये देखणा दिसतो, पण समोर बसलेल्यांपैकी किती जणांकडे तेवढी रिकामी भिंत आहे? मोठं काम द्यायचंच असेल तर आधी आयोजकांना विचारा. एखादी कंपनी लॉबीसाठी चित्र शोधत असेल तर गोष्ट वेगळी.

विषयाबद्दल दोन शब्द. लिलाव बेघरांसाठी आहे म्हणून फुटपाथवर झोपलेल्या माणसाचं चित्र काढावं असं अनेकांच्या मनात येतं. ते टाळा. एक तर झोपलेल्या माणसाने परवानगी दिलेली नसते. चेहरा ओळखू येत असेल तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. दुसरं म्हणजे कोणाच्याही दिवाणखान्यात ते लावलं जात नाही. उलट टोकाला गणपती. गणपती हमखास जातो म्हणून प्रत्येक जण गणपतीच देतो, मग एकाच संध्याकाळी दहा गणपती एकमेकांच्या बोल्या खातात. आयोजकांना आधी फोन करून कोणते विषय आले आहेत ते विचारण्यात काही कमीपणा नाही.

ही चित्रं मात्र देऊच नका, किंवा विचार करून द्या:

– दुसऱ्याच्या छायाचित्रावरून हुबेहूब केलेलं काम. छायाचित्रकाराचा कॉपीराइट त्यात येतो, आणि दान आहे म्हणून तो माफ होत नाही.

– वारली समाजातल्या कलाकाराने न काढलेलं ‘वारली चित्र’. या कलेला भौगोलिक मानांकन आहे. ‘वारली शैलीवरून’ असं लिहिणं हा किमान प्रामाणिकपणा झाला.

– ओलं तैलरंगाचं काम. वरून कोरडं वाटलं तरी आत ओलं असतं आणि गुंडाळलेला कागद त्याला चिकटतो. पातळ थर असेल तर निदान दीड-दोन महिने आधी पूर्ण केलेलं हवं. जाड थराला याहून बराच जास्त वेळ लागतो. शेवटचं व्हार्निश द्यायचं तर सहा महिने ते वर्षभर.

– फिक्सेटिव्ह (भुकटी कागदावर धरून ठेवणारा फवारा) न मारलेला कोळसा किंवा सॉफ्ट पेस्टल. टेम्पोच्या हादऱ्यांनी भुकटी काचेवर उतरते.

– आजोबांच्या पेटीतली जुनी चित्रं. शंभर वर्षांपुढचं चित्र १९७२च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्याखाली पुरावस्तू ठरतं. राजा रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ आणि गगनेंद्रनाथ टागोर, निकोलस रोरिक आणि शैलोज मुखर्जी या नऊ जणांची कामं वयाचा विचार न करता कलानिधी आहेत. ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. घरात असं काही निघालं तर ते धर्मादाय संध्याकाळी टेबलावर मांडायचं काम नव्हे. आधी जाणकाराकडून तपासून घ्या.

किंमत: इथेच सगळ्यात जास्त चुकतं

तीन आकडे वेगवेगळे असतात आणि नवखे लोक त्यांची सरमिसळ करतात. बाजारभाव म्हणजे अशाच आकाराचं, अशाच माध्यमातलं तुमचं काम मागच्या दोन-तीन वर्षांत प्रत्यक्ष ज्या भावाला गेलं तो. प्रदर्शनात लावलेल्या चिठ्ठीवरची किंमत म्हणजे बाजारभाव नव्हे. सुरुवातीची बोली म्हणजे पुकारा जिथून सुरू होतो तो आकडा. आणि राखीव किंमत, जिला सगळे ‘रिझर्व्ह’ म्हणतात, म्हणजे ज्याच्या खाली चित्र विकायचं नाही तो आकडा. ती बहुधा जाहीर करत नाहीत, पण राखीव किंमत आहे एवढं जाहीर असलं पाहिजे.

उदाहरण घेऊ. तुमचं २४ × ३० इंचाचं अॅक्रिलिक आधी ३०,००० रुपयांना गेलं आहे. सुरुवात १२,००० पासून करा, पायरी (म्हणजे दर बोलीला होणारी वाढ) १,००० ची, राखीव किंमत १५,०००. बोली कमी आकड्यापासून सुरू झाली की चार-पाच हात वर होतात, आणि चढाओढ लागली की तीच माणसं २५,००० पर्यंत जातात. हेच चित्र थेट ३०,००० वर पुकारलं तर हॉलमध्ये शांतता पसरते. ती शांतता पुढच्या दोन चित्रांनाही बाधते. सुरुवात बाजारभावाच्या ३० ते ५० टक्क्यांवर ठेवा असं आम्ही सुचवतो. ५,००० च्या आतल्या छोट्या कामांना राखीव किंमत लावूच नका.

तुमचं काम आजवर विकलंच गेलं नसेल तर कल्पनेतला बाजारभाव लिहू नका. साहित्य आणि फ्रेमचा खर्च काढा, तुमच्याच पातळीवरचे दोन-तीन चित्रकार काय भाव घेतात ते पाहा, आणि त्याच्या खालच्या बाजूला राहा. ‘अंदाजे मूल्य १,५०,०००’ असं छापलेलं नवख्याचं चित्र १०,००० ला गेलं की लोक गालातल्या गालात हसतात.

‘सायलेंट ऑक्शन’मध्ये पुकारा नसतो. चित्राखाली कागद असतो आणि लोक त्यावर नाव आणि आकडा लिहितात. तिथे पहिली ओळ आयोजकांनीच सुरुवातीच्या आकड्याने छापलेली बरी, आणि पायरीही वर लिहिलेली. नाहीतर लोक ५० रुपयांनी बोली वाढवत बसतात. कागद उचलण्याची वेळ जाहीर करा आणि पाळा. ‘अजून पाच मिनिटं’ म्हणत राहिलात की आधी लिहिणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं.

कायदा इथे स्पष्ट आहे. १९३०च्या माल विक्री कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे हातोडा पडला की, किंवा रूढ पद्धतीने विक्री जाहीर झाली की, सौदा पुरा होतो. त्याआधी बोली लावणारा माघार घेऊ शकतो. विकणाऱ्याने स्वतः किंवा आपल्या माणसाकरवी बोली लावायचा हक्क आधी जाहीरपणे राखून ठेवला नसेल, तर अशी बोली लावता येत नाही. लावली तर खरेदीदार ती विक्री फसवणूक मानू शकतो. म्हणजे आपलंच चित्र ‘जरा वर जावं’ म्हणून भावाला किंवा मित्राला हात वर करायला सांगणं ही गंमत नाही. चांगल्या कामासाठी असलं तरी नाही.

वस्तू आणि सेवा कर हा आणखी एक प्रश्न. हातांनी केलेल्या चित्रांवरचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. संस्था किंवा लिलावगृह नोंदणीकृत असेल तर बोलीच्या आकड्यात कर धरला आहे की वर लागणार, हे कॅटलॉगच्या पहिल्या पानावर छापलं पाहिजे. ४०,००० ला हातोडा पडल्यावर बिल ४२,००० चं निघालं, तर खरेदीदार २,००० साठी नाही, न सांगितल्यासाठी भांडतो.

चित्र भिंतीला लागेल असं तयार करा

चित्र ‘टांगायला तयार’ द्यावं. लिलावाच्या दिवशी दुपारी हॉलमध्ये पन्नास चित्रं लागत असतात. तुमच्या चित्राला कडी नसेल तर कार्यकर्ता कुठून तरी सुतळी आणतो, आणि रात्री सुतळी तुटते. फ्रेमच्या मागे दोन्ही बाजूंना, वरून एक तृतीयांश अंतरावर, डी-रिंग (डी आकाराची कडी) स्क्रूने बसवा. खिळ्याने नाही. त्यात पिळाची तार घाला आणि ती इतकीच सैल ठेवा की मधोमध ओढल्यावर तिचं टोक फ्रेमच्या वरच्या कडेच्या दोन इंच खाली राहील. खिळा वर डोकावला की चित्र बटबटीत दिसतं.

वजनाचा अंदाज असू द्या. २४ × ३० इंचांच्या फ्रेमला २ मिलिमीटरची काच लावली तर नुसती काच सव्वादोन किलोच्या आसपास भरते, ३ मिलिमीटरची साडेतीन. त्यावर लाकूड आणि पाठीचा बोर्ड. पाठवायचं लांब असेल तर काचेऐवजी अॅक्रिलिक शीट घ्या. ती वजनाला निम्मी भरते आणि फुटून चित्रात घुसत नाही. पेस्टल आणि कोळशाला मात्र काचच हवी, कारण अॅक्रिलिक शीटवर स्थिर वीज साठते आणि ती भुकटी ओढून घेते.

कागदावरचं काम माऊंटशिवाय (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीशिवाय) थेट काचेला चिकटवू नका. कोकणपट्टीच्या हवेत ते एका पावसाळ्यात काचेला धरतं, आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. माऊंट अॅसिड-फ्री सांगा. फ्रेमवाल्याने ‘सेमच असतो’ म्हटलं तरी आग्रह धरा, कारण साध्या माऊंटची कड काही वर्षांत पिवळी पडते आणि चित्रावर पट्टा उमटतो. पाठीमागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या टिकल्या लावा. चित्र भिंतीपासून अर्धा सेंटिमीटर सुटतं, मागे हवा खेळते आणि बुरशी लागत नाही. चार रुपयांचं काम आहे, पण करणारे थोडे.

फ्रेम साधी असावी. सोनेरी नक्षीची जाड फ्रेम तुम्हाला आवडत असेल, खरेदीदाराच्या भिंतीला ती शोभेलच असं नाही. काळी, पांढरी किंवा लाकडाच्या रंगाची बारीक पट्टी कुठेही खपते.

पाठीमागे लेबल हवंच. कॅनव्हासच्या कापडावर बॉलपेनने लिहू नका, दाब पुढून उमटतो. लाकडी पट्टीवर पेन्सिलीने किंवा पाठीच्या बोर्डावर कागद चिकटवून लिहा: चित्रकाराचं नाव, शीर्षक, वर्ष, माध्यम, उंची × रुंदी इंचांत, आणि लिलावातला लॉट क्रमांक. उंची आधी, रुंदी नंतर. हा क्रम उलटा झाला की कॅटलॉगमध्ये उभं चित्र आडवं छापून येतं. सही पुढून असावी. बारीक असली तरी चालेल, पण सहीशिवाय नको.

फोटो आणि माहिती

फोटो फ्रेम करण्याआधी काढा. काचेतून काढलेल्या फोटोत तुमची ट्यूबलाइट आणि तुम्ही स्वतः दिसता. सकाळी दहाच्या सुमाराला, थेट ऊन नसलेल्या खिडकीजवळ चित्र उभं ठेवा, मोबाइल चित्राच्या मध्याच्या उंचीवर धरा आणि मागे सरकून झूम करा. फार जवळून काढलं की चौकोन पिंपासारखा फुगतो. लांब बाजू निदान ३,००० पिक्सेलची हवी. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर तो दाबला जातो, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. सहीचा आणि मागच्या बाजूचा एकेक फोटो स्वतःकडे तारखेसह ठेवा. पोचताना ओरखडा पडला तर तोच पुरावा.

चित्राची माहिती ४०-५० शब्दांत. तत्त्वज्ञान नको. हा नमुना पाहा:

‘भाटी बंदर, संध्याकाळ. २०२४. कॅनव्हासवर अॅक्रिलिक. २४ × ३० इंच. फ्रेमसह. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या. राखाडी आणि पिवळ्या रंगाच्या पातळ थरांत केलेलं काम. प्रमाणपत्रासह.’

प्रमाणपत्र म्हणजे एका कागदावर हीच माहिती, छोटा फोटो, ‘ही माझी मूळ कलाकृती आहे’ हे वाक्य आणि शाईची सही. प्रिंट असेल तर आवृत्ती आणि क्रमांक, उदाहरणार्थ ३/२५, म्हणजे २५ प्रतींपैकी तिसरी. प्रिंटला मूळ चित्र म्हणून देणं ही साधी चूक नाही, सौदा मोडायला तेवढं कारण पुरतं.

दानपत्र

सगळ्यात मोठा खुलासा इथे व्हायला हवा: मालकी कधी बदलते? दोन पद्धती आहेत. एकीत चित्र हाती दिल्याक्षणी संस्थेचं होतं. संस्था आपल्या मालकीची वस्तू विकते, आणि न विकल्यास ठेवून घेते किंवा पुढच्या वेळी लावते. दुसरीत हातोडा पडेपर्यंत चित्र तुमचंच असतं आणि न विकल्यास परत येतं. छोट्या कामांना पहिली पद्धत सुटसुटीत. राखीव किंमत असलेल्या महागड्या कामाला दुसरी, पण मग करासाठी विक्रेता कोण ठरतो हे आधी सीएकडून समजून घ्या. दोन्हींची खिचडी केलेले करार पुढे सगळ्यांनाच त्रास देतात.

दुसऱ्या पद्धतीचा मजकूर साधारण असा ठेवता येईल:

‘मी माझी मूळ कलाकृती (शीर्षक, वर्ष, माध्यम, माप) या संस्थेला (तारीख) रोजीच्या लिलावात विकण्यासाठी देत आहे. विक्रीची पूर्ण रक्कम संस्थेची राहील. राखीव किंमत रुपये १५,०००. बोली त्याखाली राहिल्यास कलाकृती विकू नये आणि ३० दिवसांत संस्थेच्या खर्चाने परत करावी. ताब्यात असताना नुकसान झाल्यास संस्था राखीव किमतीपर्यंत भरपाई देईल. कॉपीराइट माझ्याकडे राहील. कॅटलॉग आणि या लिलावाच्या प्रसिद्धीसाठी एक वर्ष छायाचित्र वापरण्यास परवानगी आहे.’

खाली दोन्ही बाजूंच्या सह्या, आणि चित्र घेताना दिलेली वेगळी पोच, ज्यावर चित्राची स्थिती लिहिलेली असेल.

कॉपीराइटचं वाक्य गाळू नका. चित्र विकलं म्हणजे ते कॅलेंडरवर किंवा कॉफीच्या मगवर छापायचा हक्क विकला असं होत नाही. १९५७च्या कायद्याप्रमाणे तो हक्क फक्त लेखी करारानेच जातो. मूळ चित्र पुढे १०,००० रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकलं गेलं तर कलम ५३ए चित्रकाराला त्यात वाटा देतं. प्रत्यक्षात तो हातात पडणं अवघड असतं, पण हक्क आहे. आणि कलम ५७ प्रमाणे आपल्या कामाची मोडतोड झाली तर चित्रकार दाद मागू शकतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं आपलं भित्तिशिल्प उतरवताना त्याची नासधूस झाली म्हणून शिल्पकार अमरनाथ सहगल न्यायालयात गेले, आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

८०जीचा मोह

‘चित्राची ८०जी पावती मिळेल का?’ हा प्रश्न प्रत्येक नवखा दाता विचारतो. नाही मिळणार. ही सवलत पैशाच्या दानाला आहे, वस्तूच्या दानाला नाही. चित्राच्या किमतीची ८०जी पावती देऊ करणारी संस्था नियम तरी जाणत नाही किंवा जाणून वाकवते.

मग काही जण युक्ती काढतात: चित्र आपणच विकायचं आणि पैसे दान करायचे. हिशेब करून बघा. २०,००० ला विकलं, २०,००० दान दिले. विक्रीचे २०,००० उत्पन्नात धरले जातात, दानापैकी ५० टक्के म्हणजे १०,००० वजा होतात, आणि तेही जुनी करपद्धत निवडली असेल आणि दान उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत असेल तरच. साहित्याचा खर्च बाजूला ठेवला तर हातात एक पैसा न राहता १०,००० वर कर. चित्र सरळ भेट दिलं असतं तर उत्पन्नही नाही आणि कपातही नाही. सरळ देणंच बरं पडतं.

काही लिलावांत रक्कम निम्मी-निम्मी वाटली जाते. तुम्ही चित्रकलेवर पोट भरत असाल तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण कॅटलॉगमध्ये ते छापलेलं असावं. तुमचा निम्मा वाटा हे तुमचं उत्पन्न.

बांधणी आणि पाठवणी

आधी बटर पेपर, मग बबल रॅप. रंगाला बबल रॅप थेट लावला तर अॅक्रिलिकवर गोल-गोल ठसे उमटतात आणि ते जात नाहीत. फुगे बाहेरच्या बाजूला ठेवा. काच असेल तर तिच्यावर मास्किंग टेपची फुली मारा म्हणजे फुटली तरी तुकडे जागेवर राहतात. अॅक्रिलिक शीटवर ही फुली मारू नका, डिंक राहतो. चारी कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोन, बाहेर जाड पाच पदरी खोका, आणि आत सगळीकडून दोन इंच भरण. दोन चित्रं एकत्र असतील तर तोंडाला तोंड, मध्ये सपाट पुठ्ठा. एकाची कडी दुसऱ्याच्या कॅनव्हासला भोक पाडते, ही नेहमीची दुर्घटना.

टेम्पोत चित्र उभं जावं, आडवं टाकलं की त्यावर खुर्च्या चढतात. खोक्यावर ‘काच आहे, उभं ठेवा’ हे मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरांत लिहा. हमाल ते वाचतात, कुरिअरचं छापील स्टिकर वाचत नाहीत. मोठा कॅनव्हास गुंडाळून पाठवायचा तर रंग बाहेरच्या बाजूला आणि निदान चार इंच व्यासाच्या नळीवर. जाड थराचं काम गुंडाळूच नका. कुरिअरची भरपाई फारच थोडी असते, म्हणून प्रवासाचा विमा वेगळा मागा. जुलै-ऑगस्टमध्ये पाठवावं लागलं तर खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पोचल्यावर खोका लगेच उघडायला सांगा. बंद खोक्यात आठवडाभर राहिलेल्या कागदाला ठिपके पडतात.

हातोडा पडल्यानंतर

पैसे आल्याशिवाय चित्र हॉलबाहेर जाऊ देऊ नये, हा नियम आयोजकांनी ओळखीच्या माणसालाही लावावा. यूपीआयची दिवसाची मर्यादा साधारण १ लाख असते, त्यामुळे मोठ्या बोलीसाठी बँकेची तयारी आधी करायला सांगा. २ लाख किंवा त्याहून जास्त रोख कायद्याने घेता येत नाही. बोली जिंकून मग गायब होणारे असतात. त्यासाठी दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीदाराचं नाव आणि फोन लिहून ठेवणारा एक माणूस हवा.

परदेशातून ऑनलाइन बोली येणार असतील तर परदेशी देणग्यांच्या कायद्याचं काय, ते संस्थेला विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी नातलगाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी धरले जात नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांचे, ओसीआय कार्ड असलं तरी, धरले जातात. अशी देणगी याच कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच घेता येते, आणि ती दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच आली पाहिजे. न्यू जर्सीतल्या मावशीने हौसेने लावलेली बोली संस्थेला गोत्यात आणू शकते.

दाता म्हणून तुम्ही पंधरा दिवसांत विचारावं: कितीला गेलं, पैसे जमा झाले का, आणि खरेदीदाराला प्रमाणपत्र पोचलं का.

निवाऱ्यातल्या माणसांची चित्रं

काही लिलावांत निवाऱ्यात राहणाऱ्यांनी काढलेली चित्रंही असतात, आणि तुम्ही तिथे कार्यशाळा घेतली असेल तर त्यांची तयारी तुमच्याकडे येते. ती चित्रं संस्थेची नाहीत, काढणाऱ्याची आहेत. कॉपीराइट त्यांचाच. विकायची का, नाव छापायचं का, हे त्यांना विचारा, आणि नको म्हणाले तर तिथे थांबा. लहान मुलांचं काम असेल तर पूर्ण नाव आणि चेहऱ्याचा फोटो छापू नका. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख माध्यमांत उघड करायला बाल न्याय कायद्याचं कलम ७४ मनाई करतं.

मोबदला आधी ठरवा. बोलीचा किमान अर्धा वाटा काढणाऱ्याला द्यावा असं आमचं मत आहे. रंग आणि कागदाचा खर्च त्यातून कापू नये. बँक खातं नसेल तर लिलावाआधीच उघडून द्यायला घ्या. पत्त्याच्या पुराव्यावरून तिथे आठवडे जातात, आणि तोवर माणूस दुसऱ्या शहरात निघून गेलेला असतो. कॅटलॉगमध्ये या चित्रांना ‘बेघराने काढलेलं’ असं वेगळं पान देऊ नका. इतर चित्रांसारखंच शीर्षक, माध्यम, माप, वर्ष लिहा आणि फ्रेमही तशीच करा.